मावशींची टोपी मी उसवली

सकाळपासून मन खातंय, म्हणून इथे लिहितेय.

बोईसरला मी घरी चार-पाच जणींना विणकाम शिकवते. त्यात घिवलीच्या एक मावशी आहेत. नवऱ्याला पहाटे होडीवर गार वारा लागतो, म्हणून त्यांनी आयुष्यातली पहिली टोपी विणली. टाके कुठे घट्ट, कुठे सैल, दोन तर सुटलेलेच.

"वरचं टोक शिवून देते," म्हणत मी ती ठेवून घेतली आणि न विचारता अख्खी उसवून नव्याने विणली.

आज ती त्यांच्या हातात दिली. मावशींनी उलटसुलट करून पाहिली.

"बाय, ही माजी नाय."

"तुमचीच आहे मावशी. थोडी नीट केली."

"घरवाल्याला दाखवलेली मी. तो म्हनला, हीच घालून होडीवर जाईन. आता त्याला काय सांगू?"

मी माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "उसव ही."

त्यांच्यासमोर टोपी उसवून लोकर परत दिली. त्यांनी पहिल्यापासून टाके घालायला घेतले. एक टाका सुटला, तसा माझा हात पुढे गेला. मी तो मागे घेतला. मावशी तो सुटलेला टाका तसाच ठेवून पुढे विणत राहिल्या.

शिकवता शिकवता तुम्ही कधी कुणाचं काम असं हिरावून घेतलंय का?