दोन ताटांच्या मधली वेळ

"आक्का, तुमच्या मेसमध्ये धर्माचे क्लास चालतात म्हणे?" प्रिन्सिपल सरांचा फोन.

"क्लास कुठले सर? पोरी जेवतात आणि बोलतात."

"त्रिशलाच्या वडिलांची तक्रार आहे. मुलीला न्यायला आजच येतायत. ते टेबल उद्यापासून बंद."

बेळगावात मुलींच्या हॉस्टेलवर मी वॉर्डन आहे. वॉर्डन म्हणजे किल्ल्या कमरेला, आणि कुणाचं पोट दुखलं की हातात ओवा. शाळा माझी सातवीपर्यंत. पुढचं या पोरींनीच शिकवलं.

तर ते टेबल. त्रिशला जैन, निपाणीकडची. सूर्य बुडायच्या आत जेवायचं, त्याला ते अंथऊ म्हणतात. मेस उघडते रात्री, म्हणून तिचं ताट मी लवकर लावायची. रमजान आला तशी नाझियाही तिथंच बसू लागली. तिचा रोजा सुटतो सूर्य बुडाल्यावर. एकीचं संपलेलं, दुसरीचं अजून सुरू व्हायचंय. मधल्या वेळात दोघींनाही खाता येत नाही. मग करायचं काय? बोलायचं!

"जग कुणी केलंच न्हाय म्हणता, मग देवळात मागता काय गं?" नाझिया विचारायची.

"मागायला न्हाय जात. तीर्थंकरांसारखं व्हायला जातो," त्रिशला म्हणायची.

बेळगुंदीची कोमल एकदा म्हणाली, "आक्का, मला देवच पटत न्हाय. मी कुठं बसू?"

"मध्ये बस," मी म्हटलं, "आणि नाझियाच्या सरबताला लिंबं पिळ."

हे सगळं त्रिशलानं हौसेनं घरी फोनवर सांगितलं. वडिलांना वाटलं, पोरगी हातची चालली. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आणि ही बॅग भरून डोळे पुसत उभी.

ते आले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. "बॅग घे, चल."

"अण्णा, जेवलासा का?" मी विचारलं.

"न्हाय. शेतातनं तसाच आलतो."

"मग आधी अंथऊ करा. रागवायचं नंतर."

स्वयंपाकाच्या बाईंचे हात पिठात. ताट घेऊन आली नाझिया. दिवसभर पाण्याचा थेंब पोटात नाही, तरी तरातरा वाढत होती.

"तू कोण गं?"

"नाझिया."

त्यांनी ताटाकडं बघितलं. मग खिडकीतून सूर्याकडं. सूर्य काय थांबतो व्हय? त्यांनी भाकरी मोडली.

"काका, बिगीबिगी. नारळाच्या शेंड्याला टेकलाय," नाझिया खिडकीत उभी राहून सांगत होती. "आता शेवटचा घास. पाणी प्या, पाणी!"

पाणी प्याले, तोंड पुसलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. "आणि तू गं?"

"माझं व्हायचंय अजून."

"खजूर समोर ठिवून बसतीस? उचलावासा वाटत न्हाय?"

"वाटतो की. पण तुम्ही बी दिवस बुडाला की ताट सारता. ते का, काका?"

"अंधारात किडामुंगी पोटात जाती, म्हणून."

"मग आता लाईट हाय की."

मी मनात म्हटलं, गेलं टेबल.

त्रिशला हळूच बोलली, "आप्पा, हेच मी पाचवीत विचारलं, तर धपाटा दिलासा."

त्यांनी डोळे वटारले. मग वर ट्यूबलाईटकडं बघितलं. तिच्याभोवती चिलटांचा हा घोळका. "तेच तर सांगतोय! लाईटीलाच लई किडे येतात!"

आधी कोमल हसली, मग ते स्वतःच. अजान झाली, नाझियानं खजूर तोंडात टाकला, तरी यांचे प्रश्न चालूच.

"खरं सांग पोरी. दुपारी देव आठवतो का भाकरी?"

"आधी भाकरी, मग देव. तुम्हाला उपासात?"

"तसंच की!"

निघताना त्यांनी सरांना फोन लावला. "सर, पोरगी ऱ्हाऊ दे. टेबल बी ऱ्हाऊ दे. सगळं पटलं न्हाय मला. पण हे मला घरात कुणी कधी विचारलंच न्हाय."

"विचारलं होतं!" त्रिशला मागून ओरडली.

सरांनी एकच अट घातली, तिथं मी बसायचं. ती काय शिक्षा झाली? रमजान संपला तरी टेबल चालू आहे, आणि आता खुर्च्या पुरत नाहीत.

तक्रार आली की मी हल्ली खुलासा लिहीत बसत नाही. पालकांना सरळ बोलावून घेते. दिवस मावळायच्या आत, आणि शक्यतो उपाशी.