जावळाआधी सांगायचं होतं

वसई रोडहून सकाळची गाडी पकडली तेव्हा माझ्या हातात तीन पिशव्या होत्या आणि डोक्यात एकच वाक्य. पिशव्यांत सुकेळी (आमच्याकडची वाळवलेली केळी), नातवासाठी दोन सदरे आणि विहीणबाईंसाठी घरचा मसाला. वाक्य असं होतं: 'लीना, दोन वर्षांपूर्वी मी तुला न विचारता नीलचा बाप्तिस्मा केला.' म्हणायला किती सोपं. मी ते स्वयंपाकघरात, विहिरीपाशी, चर्चच्या बाकावर म्हणून बघितलं होतं. लीनासमोर मात्र एकदाही तोंडातून निघालं नव्हतं.

लीना माझी मुलगी. तिने बडोद्याच्या मंदारशी लग्न केलं. मंदारचं घराणं मराठी, हिंदू, चार पिढ्या बडोद्यात. पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते. लग्न आमच्या चर्चमध्ये बिशपांची परवानगी काढून झालं. तेव्हा फादरांनी लीनाकडून एका कागदावर सही घेतली होती, की मुलं झाली तर त्यांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्याचा होईल तेवढा प्रयत्न करीन. पुढे दोघांनी ठरवलं की मूल मोठं होऊन स्वतःच काय ते ठरवेल. मी चिडले, महिनाभर फोन उचलला नाही. शेवटी मुलीवाचून राहवेना, म्हणून दोघांना शब्द दिला की ह्या बाबतीत मी तोंड घालणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लीना वसईला आली. नील दोन महिने आधीच जन्मला. तिसऱ्या दिवशी तो काळानिळा पडला आणि डॉक्टर म्हणाले, चोवीस तास काढले तर बघू. लीना ऑपरेशननंतर तापाने फणफणली होती, मंदार बडोद्याहून धावत आला होता. संध्याकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं. नर्सची पाठ फिरली तशी मी बाटलीच्या बुचात पाणी घेतलं, पोराच्या कपाळावर ओतलं आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याचा बाप्तिस्मा केला. तीस वर्षं मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला आहे. जीव जायची वेळ असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे मी मुलांकडून घोकून घेत आले.

पोर जगलं. माझा शब्द मात्र मोडला होता, आणि मी तो मोडल्याचं लपवत राहिले. गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात कुमसार (पापनिवेदन) करताना मी फादरांना सगळं सांगितलं. फादर माझ्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, बाप्तिस्मा केलात त्यात चूक नाही, लपवलंत ते बरं नाही. आईबापांना सांगा, मग आपण चर्चच्या वहीत नोंद करू. मी विचारलं, आणि मुलीने पुन्हा तोंड बघितलं नाही तर? ते म्हणाले, तरीही सांगा. पापाची क्षमा त्यांनी दिली होती. पण मी हट्टी. सांगेपर्यंत कम्युनियन (मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद) घेणार नाही, असं मीच ठरवलं. त्यांनी समजावलं, तर त्यांनाच धर्मशास्त्र शिकवून आले.

तेवढ्यात नीलचं जावळ ठरलं. मुलाला तिसरं वर्ष लागलं होतं. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं, पण आमचा मुलगा कॅनडात, म्हणून माहेरच्या बाजूने मला बोलावणं. रविवारी जावळ. त्याआधी सांगायचं, असं मी स्वतःला बजावलं.

गाडीत समोर एक गुजराती बाई होत्या. वापी गेल्यावर त्यांनी डबा उघडून थेपले पुढे केले. "दीकरीने त्यां जाओ छो?" (मुलीकडे चाललात?) मी हो म्हटलं. "तो तो मजा," त्या म्हणाल्या. मी थेपला खाल्ला आणि मजा कसली, असं मनात म्हटलं. भरूचला नर्मदा लागली तेव्हा डब्यातल्या बऱ्याच जणांनी हात जोडले. मीही खिडकीतून ते रुंद, मंद पाणी बघत राहिले. पुढे केळीच्या बागा लागल्या, आमच्यापेक्षा मोठ्या आणि सरळ रांगेतल्या. थोडा हेवा वाटला.

मंदार स्टेशनवर आला होता. वाकून नमस्कार केला, पिशव्या घेतल्या. हा मुलगा कमी बोलतो. लग्नात मी त्याच्याशी तुटकपणे वागले होते आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांशी जपूनच असतो. कारेलीबागेत त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली स्कूटरांची रांग, जिन्यात ट्यूशनला आलेल्या पोरांच्या चपला. नील दारातच उभा होता, केस खांद्यापर्यंत, एखाद्या साधूबाबासारखे. त्याने मला बघून आधी आजीच्या पदराआड तोंड लपवलं आणि सुकेळं दिसल्यावर माझ्याकडे आला.

ही दुसरी आजी म्हणजे सुलभाताई, मंदारची आई, निवृत्त शिक्षिका. मराठी शुद्ध, पण दर वाक्याच्या शेपटाला गुजरातीतला 'ने'. दुसऱ्या दिवशी त्या मला खंडेराव मार्केटला घेऊन गेल्या. बाहेरून राजवाडा वाटावा अशी इमारत आणि आत वांगी, पापडी, सुरण, रताळी. जावळाच्या जेवणाला ऊंधियू (मडक्यातली किंवा पातेल्यातली मिश्रभाजी) करायचं होतं. त्या भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करत आणि वळून माझ्याशी मराठीत बोलत. मी दोनदा तोंड उघडलं, सुलभाताई, मला तुम्हाला काही सांगायचंय. पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातात आल्याची पिशवी दिली, दुसऱ्यांदा कोणी ओळखीच्या बाई भेटल्या. मला बरंच वाटलं, हे कबूल करते.

घरी लीना एकटी सापडली ती कपड्यांच्या घड्या घालताना. मी शेजारी बसून एका टॉवेलची चार वेळा घडी केली. ती म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?" मी म्हटलं, प्रवासाचा शीण. अशी मी शूर.

शनिवारी संध्याकाळी मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) होती. रविवारी जावळ असल्यामुळे मी आदल्या दिवशीच जायचं ठरवलं. रिक्षाने जाईन म्हटलं तर मंदारने स्कूटर काढली. फतेगंजच्या चर्चला पोचलो तोवर घंटा झाली होती. मला वाटलं तो बाहेर थांबेल, पण तो आत आला आणि माझ्या शेजारी बसला.

मिस्सा गुजरातीत. रचना तीच, उठणं-बसणं तेच, शब्द मात्र वेगळे. पहिल्यांदा मी गप्प होते, मग 'हे आमच्या स्वर्गातील बापा' माझ्या तोंडून मराठीतच बाहेर पडलं आणि पुढच्या बाकावरच्या म्हातारीने वळून हसून बघितलं. रोमपासून वसईपर्यंत सगळं एका छापाचं, म्हणून कधीकधी मी वैतागते; कोणी दूरचे लोक आमच्यासाठी शब्द ठरवतात आणि आम्ही म्हणतो. पण त्या संध्याकाळी परक्या भाषेतही पुढे काय येणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याचा आधार वाटला. कम्युनियनला सगळे रांगेत उठले. मी बसून राहिले, पाय आखडून घेऊन शेजारच्यांना वाट दिली.

बाहेर आल्यावर मंदार म्हणाला, सेव-उसळ खाऊ या. ही बडोद्याची खासियत: वाटाण्याची झणझणीत उसळ, वर शेवेचा ढीग, कांद्याची पात आणि सोबत पाव. हातगाडीशेजारच्या स्टुलांवर आम्ही बसलो. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी तिखटाला दोष दिला.

मंदार थाळीकडे बघत म्हणाला, "आई, तुम्ही आज कम्युनियन घेतलं नाहीत."

मी चमकले. ह्याला काय कळतं, असं वाटलं. तो पुढे म्हणाला, "वसईलासुद्धा, ईस्टरला घेतलं नव्हतं. तुम्ही कधी चुकवत नाही. लीनाला मी बोललो नाही. काही झालंय का?"

आणि मग ते वाक्य निघालं, पण लीनाऐवजी त्याच्यासमोर. मी सगळं सांगितलं, बूच, पाणी, नर्सची पाठ, दिलेला शब्द. म्हटलं, तुम्ही माझ्यावर रागावा, पण नीलला माझ्यापासून तोडू नका. 

मंदारने पाव खाली ठेवला. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा उठून जाणार.

"आई, तुम्ही किती वाजता केलात?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी. सहाच्या सुमारास."

"मी दुपारी केला होता," तो म्हणाला.

मला कळेना. मग तो हळूहळू सांगू लागला. दुपारी डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा लीना ग्लानीत होती. तिने त्या कागदावर सही केली तेव्हा तो समोर बसला होता, फादरांनी त्यालाही ते वाचून दाखवलं होतं. पुढे दोघांनी काहीही ठरवलं असलं तरी ती सही तिच्या मनातून गेली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. दुपारच्या पाळीला एक केरळी ख्रिस्ती सिस्टर होत्या. त्याने त्यांना विनवलं, तुम्ही करा. त्या म्हणाल्या, तुम्हीही करू शकता, तुम्ही बाप आहात. त्यांनी चिठ्ठीवर शब्द लिहून दिले.

आता माझ्यातली मास्तरीण जागी झाली. तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. मी विचारलं, "पाणी कुठे ओतलंस?" कपाळावर, तो म्हणाला. "वाहिलं का, की नुसतं बोट ओलं केलंस?" वाहिलं, कानापर्यंत गेलं, सिस्टरने पुसलं. "शब्द काय म्हणालास?" त्याने शब्द म्हटले. गाडीवरच्या गोंगाटात, सेव-उसळीच्या थाळीसमोर, एकही शब्द न चुकता.

"आणि मनात काय होतं?" हा शेवटचा प्रश्न. करणारा कोणीही असो, ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा त्याचा हेतू हवा.

तो म्हणाला, "तुमच्या चर्चमध्ये बाळाला जे देतात तेच ह्याला मिळू दे, एवढंच. लीनाला उठल्यावर वाटायला नको की तिचं पोर तसंच गेलं."

ह्या परीक्षेत मी आजवर कोणाला पूर्ण गुण दिले नव्हते. बाप्तिस्मा एकदाच होतो. दुपारी झाला, तर संध्याकाळी मी ओतलं ते नुसतं पाणी. म्हणजे दोन वर्षं मी ज्याचं ओझं वाहिलं ते मी केलंच नव्हतं. मी हसायला लागले, मग रडायला, आणि गाडीवाल्याने काळजीने पाण्याचा ग्लास आणून दिला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

मंदार म्हणाला, "वाटलं, तुम्हाला चालणार नाही. माझ्या हातचं."

हे मात्र तिखटापेक्षा झोंबलं. कारण दोन वर्षांपूर्वी मला खरंच चाललं नसतं. पुस्तकात आहे हे मी मुलांना शिकवत होते, की बाप्तिस्मा न झालेल्या माणसानेही दिलेला बाप्तिस्मा खरा. शिकवताना ते मला कोणा दूरच्या देशातल्या दूरच्या माणसाबद्दल वाटायचं. समोर जावई असेल अशी कल्पना केली नव्हती. मी त्याची माफी मागितली. तो इतका गोंधळला की त्याने माझ्या थाळीत अजून शेव वाढली.

घरी जाऊन लीनाला सांगितलं. तिला मंदारचं माहीत होतं, माझं नव्हतं. ती कपाळाला हात लावून बसली. माझं लपवणं तिला लागलं, आणि ते तिने सरळ सांगितलं. तिला दिलेला शब्द मोडला म्हणून नाही, त्यानंतर दोन वर्षं रोज फोनवर बोलूनही काही कळू दिलं नाही म्हणून. मग म्हणाली, आम्हीही तेच केलं. सुलभाताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. मंदारने तेव्हाच सांगितलं ने." म्हणजे त्या घरात फक्त मलाच ठाऊक नव्हतं. सगळे मला घाबरत होते, आणि मी समजत होते की मीच सगळ्यांना घाबरते आहे.

नोंदीचं मी भीतभीतच विचारलं. त्यावर नवराबायको जरा वेळ आत जाऊन बोलले. बाहेर येऊन मंदार म्हणाला, "नोंद करा. झालं ते झालं आहे. पण नील मोठा होऊन काय मानेल ते त्याचं तो बघेल." मी मान डोलावली. ह्या वेळी शब्द दिला नाही, नुसती मान डोलावली, आणि लीना हसली.

रविवारी मामाच्या जागी मी पाटावर बसले आणि नील माझ्या मांडीवर. न्हाव्याची कात्री बघून त्याने सोसायटी डोक्यावर घेतली. केस झेलायला सुलभाताई कणकेचा गोळा घेऊन बसल्या होत्या. डोकं गुळगुळीत झाल्यावर त्याला न्हाऊ घातलं, हळदीने स्वस्तिक काढलं. मी त्याला घट्ट धरून होते. ऊंधियू उत्तम झालं होतं, आणि मी दोनदा वाढून घेतलं.

सोमवारी परतले. मंगळवारी सकाळच्या मिस्सेत रांगेत उभी राहिले आणि कम्युनियन घेतलं. नंतर फादरांकडे गेले, मंदारचं सांगितलं. त्यांनी आधी लीनाला फोन केला, मग त्या सिस्टरांना हॉस्पिटलमधून शोधून विचारलं, आणि मग बाप्तिस्म्याची वही उघडली. संस्कार कोणी दिला ह्या रकान्यात पानभर फादरांची नावं. त्याखाली त्यांनी मंदारचं पूर्ण नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात. मी चष्मा चढवून ते दोनदा वाचलं.

"तुमचं नाव कुठेच येणार नाही," फादर जरा संकोचाने म्हणाले. "तुम्हाला वाईट नाही ना वाटत?"

"फादर," मी म्हटलं, "आयुष्यभर घरातलं, चर्चमधलं सगळं मीच करत आले. ह्यातलं काहीच मी केलं नाही, हे ऐकून मला किती बरं वाटतंय ते तुम्हाला नाही कळायचं."