काकाचे केस आणि भावकीची तब्येत

आमच्या घरात सध्या दोनच गोष्टी साठतात. न्हाणीच्या जाळीवर बापूकाकाचे केस आणि ओट्यावर त्या केसांचे किस्से. जाळी आई रोज साफ करते. किस्से तसेच पडून राहतात, म्हणून मी ते लिहून काढतेय. मी घरात फारशी बोलत नाही. त्यामुळे माझ्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात.

*

बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. सुप्याच्या एका कंपनीत कामाला आहे. लग्न जमत नाही. पोरींना पगार पसंत पडतो, टक्कल पडत नाही, असं त्याचं मत. पुढच्या लग्नसराईआधी डोक्यावर केस हवेत, म्हणून त्याने हेअर ट्रान्सप्लांट करायचं ठरवलं आणि आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. मागचा एकेक केस काढायचा आणि पुढे लावायचा.

आबांनी शांतपणे पाहिलं. "म्हंजे मागच्या वाफ्यातलं कांद्याचं रोप उपटून पुढं लावायचं. आन मागचा वाफा?"

"थोडा विरळ व्हतो."

"मंग लग्नात कुनाकडं पाठ करू नगं."

*

एकदा काकाने मला मोबाईलवर शोधायला लावलं, की या ऑपरेशनने माणूस दगावतो का. मी वाचून सांगितलं, "क्वचित."

"क्वचित म्हंजे किती?" काकाने विचारलं.

"म्हंजे आपल्या घरात," आबा म्हणाले.

*

नगरच्या डॉक्टरांकडे काका आणि आबा गेले. मला चष्म्याचा नंबर काढायचा होता, म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी धोके नीट समजावले. जंतुसंसर्ग होऊ शकतो, तोंड सुजतं, डोकं काही दिवस बधिर राहतं, आणि लावलेले सगळेच केस जगतात असं नाही.

"मर किती धरायची?" आबांनी विचारलं.

डॉक्टरही शेतकऱ्याच्या घरचे असावेत. "थोडी होतेच, बाबा."

"मंग नांग्या भरता का?" जिथलं रोप मेलं तिथे दुसरं लावायचं, त्याला आमच्याकडे नांग्या भरणं म्हणतात.

"मागे रोप उरलं तर भरतो."

आबांना डॉक्टर आवडले. उठता उठता त्यांनी शेवटचं विचारलं, "वस्तरा कवा फिरवायचा?"

"बरेच महिने नाही."

बाहेर आल्यावर आबा काकाला म्हणाले, "आन तेवढ्यात भावकीत कुनी गेलं, तर दहाव्याला डोकं कोन करनार?"

काकाचा चेहराच बदलला. आमच्या भावकीत थोरलं माणूस गेलं, की धाकट्या पुरुषांनी डोकं करायचं, म्हणजे मुंडण करायचं. त्यातून सुटका नाही. आणि थोरली माणसं आमच्यात भरपूर आहेत.

*

दुसऱ्या दिवसापासून काका भावकीतल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊ लागला. जेवण जातं का, झोप लागते का, खोकला कसला आहे. कुणाला कफाचं औषध नेऊन दिलं, कुणाची काठी बदलून आणली.

"बापू लई मायाळू झालाय," सगळे म्हणू लागले.

"बायको न्हाई मिळाली, तरी पुण्य मिळंल," आई म्हणाली.

*

कंपनीत हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत, आणि डॉक्टरांनी सुरुवातीला हेल्मेट घालायचं नाही असं सांगितलेलं. काका म्हणाला, "तेवढे दिवस हेल्मेट हातात घेऊन फिरंन."

"फिरा की भावजी," आई म्हणाली. "डोकं फुटलं तर फुटलं, केस शाबूत पायजेत."

*

मग काकाने चार म्हाताऱ्यांना टेम्पोत बसवलं आणि बीपी तपासायला आरोग्य केंद्रात नेलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही टेम्पोत होते. सिस्टरने एकेकाच्या दंडाला पट्टा बांधला. चौघंही ठणठणीत निघाले. काका इतका खूश झाला, की गंमत म्हणून स्वतःही बसला.

सिस्टरने आकडा पाहिला. पट्टा सोडून पुन्हा बांधला. पुन्हा पाहिला.

"या चौघा आजोबांना घरी जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही जरा आडवे व्हा."

*

बीपी खाली आल्याशिवाय ऑपरेशन नको, रक्तस्राव वाढेल, भुलीचं इंजेक्शनही अंगावर येऊ शकतं, असं केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी बजावलं. गोळ्या सुरू केल्या. घरी येऊन काका म्हणाला, "नगरच्या डॉक्टरला काय सांगायचंच न्हाई. मला कुठं काय दुखतंय?"

त्या दिवशी ओट्यावर कुणी विनोद केला नाही. आई भांडी आपटत होती.

*

दोन दिवसांनी तात्या आले. तात्या आबांचे चुलते, भावकीत सगळ्यात थोरले. टेम्पोतून बीपी तपासायला गेलेल्या चौघांपैकी एक. काठी टेकत ओट्यावर बसले आणि काकाला समोर बसवलं.

"बापू, तू आमची चौकशी का करतुयास, ते मला कळलंय. मला राग न्हाई. आता सरळ सांग. तुझं ऑपरेशन कवा हाय?"

काका खाली बघत होता.

"म्हंजे मला ठरवाया बरं. मी आदी जाऊ का मागनं?"

काका पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "तारीख न्हाई घेतली, तात्या. आदी बीपी उतरवायचं. गोळ्या चालू हायेत."

"कवा उतरंल?"

"मॅडम म्हनल्या, येळ लागंल."

"म्हंजे मी मागनंच जातो," तात्या म्हणाले. मग आत वळून आईला हाक मारली.

"सूनबाई, माझ्या चहात साखर कमी टाक."