फुटलेल्या तापमापकाचे चाळीस दिवस

विद्यार्थ्यांनी सरांचं नाव 'पारा' ठेवलं होतं, पण ते रागीट होते म्हणून नव्हे. रागवायलाही अंगात त्राण लागतं. विज्ञानाचा इतिहास शिकवण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी एकाच माणसामागे. शंभर वर्षांपूर्वी एका वेधशाळेत रोज तीनदा तापमान टिपणारा कारकून तो. एकोणीस वर्षांत एक रकाना रिकामा नाही! त्याच्या सचोटीवर सरांनी पुस्तक लिहिलं, त्या पुस्तकावर प्राध्यापकी मिळाली. दुसरं पुस्तक काही झालं नाही. वार्षिक अहवालात मात्र अकरा वर्षं ते न चुकता लिहीत आले, 'दुसरे पुस्तक अंतिम टप्प्यात.'

निवृत्तीला महिना उरला होता. पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती, फक्त प्रस्तावना द्यायची राहिली होती. तेवढ्यात अभिलेखागारातल्या बाईंनी एक गठ्ठा पुढे केला.

"सर, कपाट हलवलं तेव्हा मागे सापडला. तुमच्याच कामाचा दिसतोय."

कारकुनाची पत्रं होती. तापमापक फुटला, नवा पाठवा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. नवा यायला चाळीस दिवस लागले होते. सरांनी नोंदवही मागवली. चाळीसही दिवस भरलेले, अगदी दशांशासकट. त्यातलंच एक पान त्यांनी पुस्तकात, एकशे बाराव्या पानावर, सचोटीचा नमुना म्हणून छापलं होतं.

गठ्ठ्यात वरिष्ठांचं एकच उत्तर होतं: रकाना रिकामा दिसल्यास कामावरून कमी करण्यात येईल.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "कोण बघायला जातंय तो गठ्ठा? जाता जाता स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेताय?"

"मला कंटाळा आलाय गं."

"सांगायचा?"

"लपवायचा."

प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की पान एकशे बारा चुकलं आहे, आणि कसं चुकलं तेही. कारकुनावर भडकावं असं फार वाटत होतं, पण जमेना. उलट त्या माणसाची दया येऊन डोळे भरून आले.

टेबलावर यंदाचा वार्षिक अहवाल पडला होता, नोकरीतला शेवटचा. दुसऱ्या पुस्तकाच्या रकान्यात सवयीनं पेन टेकलं. सरांनी ते उचललं, रकाना रिकामाच ठेवला आणि खाली सही केली.