डाळिंबावरचा नाग

पनवेलात त्या काळी कॅमेरे दोनच. एक माझा आणि एक शेजारच्या शेठचा. तिसरा स्टुडिओवाल्याकडे होता, पण तो नवरा-नवरीखेरीज कशाकडे डोळा उघडत नसे, म्हणून मी तो धरत नाही. माझा म्हणजे नुसता डबा. काळा, चौकोनी, पुढे बटणाएवढी काच. जवळचं काही त्याला दिसायचंच नाही, सगळं धुकं. लांब उभं राहून पाखराचा फोटो काढावा, तर पाखरू मोहरीएवढं यायचं. मग मी फोटोवर शाईने बाण काढून ठेवी. पाहुणे बाणाचं कौतुक करत.

शेठच्या कॅमेऱ्याला दुर्बिणीसारखी लांब नळी होती. माडीच्या खिडकीत बसून ते खाडीपलीकडच्या बगळ्याच्या चोचीत कोणता मासा आहे ते सांगत, अशी गावात बोलवा होती. बोलवा मीच उठवली होती म्हणा, पण लोकांना पटली यावरून काय ते समजा.

शेठचा धंदा मिठाचा. पावसाळ्यात मिठागरं बंद, मिठाच्या राशींवर गवत घातलं की शेठ चार महिने मोकळे. मी मास्तर. माझी सुट्टी मे महिन्यात, जेव्हा चिमणीसुद्धा चोच उघडी टाकून सावलीत पडलेली असते. देवाने सुट्ट्या वाटताना शेठकडे बघितलं आणि माझ्याकडे पाठ केली.

पाखरांनीही तेच केलं. आमच्या परसांमध्ये एक मेंदीचं कुंपण, कंबरेएवढं. माती तीच, पाऊस तोच. तरी थंडीत परीट पक्षी यायचा तो शेपटी नाचवत त्यांच्याच अंगणात. उन्हाळ्यात बुलबुल अंघोळ करायचे ते त्यांच्याच पन्हाळीत. पावसात मुंगशीण पोरं घेऊन निघाली की माझं परस ओलांडून, मला न बघितल्यासारखं करून, पलीकडे जाऊन शेठसमोर ओळीत उभी. तिने पिल्लांचे भांग पाडून आणले होते, अशी माझी पक्की समजूत आहे. माझ्या वाट्याला कावळे, एक सरडा आणि धुण्याच्या दगडाखालचा बेडूक. तोही कॅमेरा दिसला की पाठमोरा बसे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण दर गणपतीत वाचनालयाच्या दारावर एक फोटो चौकटीत लागे, आणि तो वर्षभर तिथेच राही. लागोपाठ तीन वर्षं शेठचा. पेपर वाचायला जावं, तर डोक्यावर शेठचं पाखरू. म्हातारे म्हणायचे, "काय रंग आलेत!" फोटो काळा-पांढरा होता हो. पण शेठच्या फोटोत लोकांना रंगही दिसत.

आणि त्या वर्षी, श्रावण लागता लागता, माझ्या डाळिंबावर शिंजिराचं घरटं दिसलं, आत नुकती पिल्लं. अंगठ्याएवढा पक्षी, जांभळा गळा, पिवळं पोट. घरटं म्हणजे फांदीला लोंबणारी जळमटांची पिशवी, वर छपरी असलेलं दार. माझ्या डाळिंबावर! त्या क्षणी मला वाचनालयाचं दार दिसलं.

अडचण दोन. पहिली, जवळून फोटो कसा काढायचा. ती मी बुद्धीने सोडवली. आईच्या चष्म्याची एक काच काढून डब्याच्या डोळ्यासमोर मेणाने बसवली. हातभर अंतरावरचं लख्ख दिसू लागलं. आईची श्रावणातली पोथी सुरू होती. ती एका काचेने वाचू लागली आणि अर्धे अध्याय पाठचे म्हणू लागली.

दुसरी अडचण पत्रीची. श्रावणात मंगळागौरीला, पुढे गणपतीला, डाळिंबाची पानं लागतात, आणि देवाच्या पत्रीला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. पहाटे कोणीही यावं, फांदी वाकवावी. बाजारात पत्री विकणारी खेड्यातली बाई तर पाटी घेऊनच येई. घरटं आहे म्हणून सांगावं, तर तासाभरात शेठना कळणार. तेव्हा मी तिला हळूच सांगितलं की डाळिंबाच्या बुंध्याशी नाग आहे. चांगला जुना, फडा सुपाएवढा. मिशा होत्या हेही सांगणार होतो, पण आवरलं.

ती पाटी घेऊन गेली. दुपारपर्यंत नाग बाजारात पोचला होता आणि त्याच्या डोक्यावर मणी आला होता.

पुढे चार दिवस कोणी फिरकलं नाही. पण सकाळी शाळा, परतलो की पाऊस. ऊन आणि मी एका वेळी घरी असायला नागपंचमीची सुट्टी उजाडावी लागली. मी डाळिंबात शिरलो, डबा पोटाशी धरला. मादी अळी घेऊन आली. पिल्लाची चोच दारातून बाहेर. मी श्वास धरला, बोट खटक्यावर नेलं, आणि मागून आवाज आला, "दादा, बाजूला व्हा. नाग हाय ना? मंग त्याला दूध ठेवलाच पायजे."

पत्रीवाली पुढे, मागे निम्मं पनवेल. वाट्या, लाह्या, हळदकुंकू. पाखरू उडालं आणि खटका दाबला गेला. बायका डाळिंबाची पूजा करून गेल्या. लाह्या टिपायला कावळे आले ते दिवसभर हलेनात. शिंजिरं लांबूनच चिवचिवत राहिली. माझ्या फोटोत रिकामं घरटं आलं आणि शेजारी पत्रीवालीने पुढे केलेली भलीमोठी दुधाची वाटी.

गणपती आले. वाचनालयाच्या दारावर चौकट लागली. माझं डाळिंब, माझं घरटं, दारात पिल्लाची चोच, आणि अळी भरवणारी मादी, पायाच्या नखांसकट.

शेठ शेजारीच उभे होते. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "मास्तर, तुमचा नाग काही मला गावला नाही. दोन आठवडे खिडकीतून नळी तुमच्या डाळिंबावर लावून बसलो होतो. त्याची वाट बघता बघता हे सापडलं. तुमच्या परसात घरटं होतं, तुम्हाला ठाऊक होतं का?"

काय सांगणार? ठाऊक होतं म्हणावं, तर नाग जातो. मी म्हणालो, "छे हो. नागाच्या भीतीने आम्ही तिकडे जातोच कुठे?"

भला माणूस. त्याने एक प्रत चौकटीत घालून घरी पाठवली, ती बायकोने पुढच्या खोलीत लावली. अजून आहे. पाहुणे विचारतात, मास्तर, हा तुम्ही काढलात? मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. डाळिंब आमच्याच परसातलं बरं का, एवढंच सांगतो आणि पाणी आणायला आत वळतो. पण दारापर्यंत पोचायच्या आत बायको सांगून टाकते, "शेजारच्या शेठनी काढलाय. ह्यांचा वाटीचा आहे, दाखवू?"