आत्याबाईंच्या हातचं मीठ

मधल्या सुट्टीत धनराजचा, माझ्या नवऱ्याचा, शाळेत फोन आला. "माय गेली," एवढंच म्हणाले. मी तपासायच्या वह्या बाजूला सारल्या आणि खुर्चीत बसले. खरं सांगते, आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, आता जरा बसता येईल… तीन वर्षं सासूबाईंच्या मागे धावून मी इतकी थकले होते. त्याला महिना होऊन गेला, पण थकवा अजून उतरलेला नाही.

त्यांना मी आत्याबाई म्हणायची. लग्न होऊन कामठ्याला आले तेव्हा मला मासोळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. रविवारी चोरखमाऱ्याच्या तलावातली रोहू घरी यायची. आत्याबाई विळीवर तिचे बोटभर जाड तुकडे करायच्या, मीठ-हळद चोळून तासभर झाकून ठेवायच्या, सुटलेलं पाणी निथळून टाकायच्या आणि मग लसूण, तिखट, चिंचेचा कोळ लावायच्या. शेवटी तांदळाच्या पिठात घोळवून जवसाच्या तेलात तव्यावर. मी घाई केली की म्हणायच्या, "काऊन वो, मासोरी का पळून जाऊन राहिली?"

पुढे त्यांना विसर पडायला लागला. मीठ लावून झालं की पाच मिनिटांनी झाकण उघडून पुन्हा मीठ. एका रविवारी तर तीनदा. धनराज मुकाट नुसत्या भाताचे मोठमोठे घास घेत राहिले. मग मी युक्ती काढली. आत्याबाई ओसरीवर गेल्या की तुकडे गुपचूप धुवायचे आणि सगळं नव्याने लावायचं. वर्षभर हे चाललं. शाळा, त्यांची औषधं, त्यांचं अंग पुसणं आणि वर ही लपवाछपवी… एका रविवारी माझा तोल गेला. "आत्याबाई, आता तुम्ही मासोळीला हातच लावू नका," मी ओरडलेच. मसाल्याने भरलेला हात तसाच धरून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "बरं," म्हणाल्या, "तू लय थकून राहिली वो बाई." हात धुतले आणि बाहेर जाऊन बसल्या.

मला वाटलं, हेही विसरतील. बाकी सगळं विसरल्या, पोटच्या पोराचं नावसुद्धा. हे मात्र विसरल्या नाहीत. त्यानंतर त्या कधी मासोळीपाशी आल्या नाहीत. मला चैन पडेना. दर रविवारी ताट त्यांच्यापुढे नेऊन मी म्हणायची, "या ना आत्याबाई, एवढं मीठ लावून द्या." खारट तर खारट, खाऊ आम्ही! त्या हात पदराखाली घ्यायच्या आणि हळूच सांगायच्या, "मी नाही लावत. घरात एक बाई आहे, ते रागावते." ती बाई त्यांच्यासमोरच उभी असायची, हे त्यांना तेव्हा ओळखू येत नव्हतं.

तेरवी झाली, दिवस गेले. परवाच्या रविवारी धनराज पहिल्यांदा रोहू घेऊन आले. मी तुकडे केले, मीठ-हळद चोळली, झाकून ठेवले आणि तासभर तिथेच पाटावर बसून राहिले. हवी होती तेवढी सवड आता होती. झाकण कुणीच उघडलं नाही.

जेवताना धनराजनी पहिला तुकडा मोडला, तोंडात घातला आणि थांबले.

"मीठ बरोबर आहे," म्हणाले.