सतरा नंबरच्या डिस्कमधली फरशी

बेबीताईंनी पहिल्या खेपेला अकरा डिस्क आणल्या आणि अकराच्या अकरा पोकळ निघाल्या. वर फाइलींची नावं दिसत होती, उघडायला जावं तर आत काही नाही. बाईंनी फाइली घरच्या कॉम्प्युटरवरच ठेवल्या होत्या आणि डिस्कवर नुसते शॉर्टकट उतरवले होते. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या चार जणांचं हेच होतं आणि दर वेळी माझं टाळकं सटकतं. "ताई, मी पाहुणे बोलावले होते, तुम्ही त्यांचे पत्ते आणून दिलेत," मी म्हणालो. आणखीही बरंच बोललो, ते इथं सांगण्यासारखं नाही.

दुसरी कुणी असती तर भांडली असती. या बाईंनी पर्समधून वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि म्हणाल्या, "परत एकदा सांगा. जरा सावकाश. मी ढ आहे."

ढ बिढ काही नव्हत्या. वय वर्षं चौपन्न, आणि नाव बेबी. भावंडांत धाकट्या म्हणून बेबी म्हणायला लागले, ते तसंच राहिलं. आधी वडील अंथरुणाला खिळले, मग आई. दोघांचं करता करता यांच्या लग्नाचं बघू बघू म्हणत राहूनच गेलं. चांगली दिवसभराची नोकरी होती, ती आईपायी सोडली आणि दाताच्या दवाखान्यात सकाळच्या वेळी पेशंटचे नंबर लावायचं काम धरलं. आईला जाऊन आठ वर्षं झाली होती. आईच्या घरात आता त्या एकट्याच राहत होत्या.

माझं काम म्हणजे लोकांच्या घरच्या शूटिंगमधून वीस मिनिटांची फिल्म करून देणं. स्टेशनरीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक खोली, दोन पडदे आणि टेकलं की कुरकुरणारी खुर्ची, एवढाच माझा पसारा. बेबीताईंचे थोरले भाऊ माझं गिऱ्हाईक होते. त्यांना सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादा म्हणायचो. त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला हॉलमध्ये फिल्म दाखवायची होती. मी त्यांना ठणकावून सांगितलं होतं, "मला कच्चा माल द्या, जसाच्या तसा. घरचे लोक स्वतः कापायला जातात आणि नेमकं हवं तेच घालवून बसतात. आणि डिस्कवर द्या. पेन ड्राइव्हवरचं एकदा माझ्याच हातून पुसलं गेलं, तेव्हापासून कानाला खडा लावलाय."

कच्चा माल उतरवून द्यायचं काम अर्थातच बेबीताईंच्या गळ्यात पडलं. कॅमेराही असाच पडला होता. दादांनी तो हौसेनं आणला, दोन दिवस मिरवला आणि "तुझा हात स्थिर आहे" म्हणून बहिणीला देऊन टाकला. त्यानंतरची बारा वर्षं त्या घरातला प्रत्येक वाढदिवस, बारसं, निरोप या बाईंनी एक डोळा मिटून पाहिला.

दुसऱ्या खेपेला तेवीस डिस्क आल्या. प्रत्येक डिस्क कागदी पाकिटात, पाकिटावर नंबर, आत यादी. यादी वाचून मला हसू आलं. "फाइल ३१, दादाचं भाषण. फाइल ३२, आई हसते. फाइल ३३, काही नाही, नुसता पडदा हलतो, पण छान हलतो." तेवीस डिस्कांत बेबीताई स्वतः मला एकदाच दिसल्या, कपाटाच्या आरशात, तोंडापुढे कॅमेरा धरलेल्या.

पाकिटं टेबलावर ठेवून त्या जाईनात. उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सगळं बघता ना? अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

"म्हणजे काय! बघावंच लागतं," मी ठोकून दिलं. कोण बघतो सगळं! बटण दाबून पुढं पळवत जायचं, चेहरा दिसला की थांबायचं.

"सतरा नंबरवर नुसती फरशी दिसेल. एकोणीस मिनिटं. ती तेवढी टाकून देऊ नका."

त्या फरशीची गोष्ट अशी. कॅमेऱ्याचं बटण एकच, सुरू करायलाही तेच आणि बंद करायलाही तेच. आईच्या शेवटच्या वाढदिवसाला बेबीताईंचा हिशेब उलटा झाला. सुरू केला असं समजून त्यांनी तो बंद केला आणि आईनं केक कापला. मग बंद केला असं समजून सुरू केला, खुर्चीवर आडवा ठेवला आणि बशा आणायला स्वयंपाकघरात गेल्या. घरी घरी शूटिंग करणारा एकही माणूस या चुकीतून सुटलेला मी पाहिलेला नाही. पण बेबीताईंना त्या दिवशी सगळ्यांनी असं धुतलं की त्यांनी ती फाइल पुढं कधी उघडलीच नाही. आईचा शेवटचा केक बेबीनं घालवला, हे घरात आठ वर्षं ऐकवलं जात होतं. मला देण्यासाठी डिस्कवर उतरवताना, नीट उतरली का म्हणून त्यांनी ती पहिल्यांदा लावली.

त्यांनी सांगितलं म्हणून मीही लावली. फरशी, टेबलाचा पाय, दादांचे चकचकीत बूट, आईची सुजलेली पावलं. आणि आवाज मात्र अगदी स्वच्छ.

"तू आहेस म्हणून मला कसली काळजी नाही रे," आई म्हणते. "तू या घराचा आधार आहेस. फक्त एक कर. बेबीला इथून हलवू नकोस. तिनं माझ्यापायी सगळं सोडलंय. ती आहे तोवर हे घर तिचं. तसं वचन दे मला."

"दिलं, आई. वचन दिलं," दादा म्हणतात. "आता केक खा बघू."

मग बऱ्याच वेळानं बशांचा आवाज, आणि बेबीताई, "अगं बाई, हे चालूच होतं की काय!" तिथं फाइल संपते.

मी कानावरचा हेडफोन काढला. बेबीताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. घर कागदोपत्री दादांच्या नावावर होतं आणि दादांनी ते विकायला काढलं होतं. वाढदिवस झाला की व्यवहार. बहिणीला "तुझं बघू काहीतरी" एवढंच उत्तर होतं.

"वृद्धाश्रमात साठीच्या आत घेत नाहीत म्हणे," बेबीताई हसत म्हणाल्या, "पण दादा ओळख काढतोय."

माझं डोकं तडकलं. "अहो, मग हे त्यांच्यापुढं आपटा की! सांगा, आई काय म्हणाली होती ते!"

"मी सांगितलं तर मी मागितल्यासारखं होईल हो. आणि तो वाईट नाही. कामाच्या रगाड्यात विसरला असेल. आईच्या तोंडून ऐकलं की त्याचं त्यालाच आठवेल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्ही फक्त त्याला ऐकवा. मी सांगितलं असं म्हणू नका."

मी कबूल केलं. आणि एवढं मात्र मी पाळलं.

त्याच आठवड्यात दादा कच्ची फिल्म बघायला आले. मी म्हणालो, "आईंचा आवाज सापडलाय, चित्र नाही." त्यांनी हेडफोन लावला. फरशीकडे बघत बसले. थोड्या वेळानं डोळे भरून आले, खिशातून रुमाल निघाला. मी मनात म्हटलं, झालं, बेबीताईंचं काम झालं. मला खरंच बरं वाटलं.

"पुन्हा लावा," दादा म्हणाले. मी पुन्हा लावलं. या वेळी डोळे कोरडे होते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथपासून घ्या, 'तू आहेस म्हणून'. आणि 'आधार आहेस'वर थांबवा. त्यावर माझे फोटो येऊ द्या."

"आणि पुढचं?"

"पुढचं घरगुती आहे. लोकांना कंटाळा येतो."

मला तेव्हा बोलता आलं असतं. त्यांच्या तोंडावर म्हणता आलं असतं की दादा, हा केसानं गळा कापणं झालं. मी म्हणालो, "संगीत कुठलं घेऊ?"

आणि कापलं. कापायला मी चांगला आहे, जोड कुठं आहे ते कुणाला कळत नाही.

वाढदिवसाला मी प्रोजेक्टर लावायला गेलो होतो. बेबीताई दुसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या. हातात कॅमेरा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. फिल्म सुरू झाली. दादा लहान, दादा तरुण, दादा खुर्चीत. मग आईचा आवाज आला. "तू आहेस म्हणून मला कसली काळजी नाही रे. तू या घराचा आधार आहेस." बेबीताई खुर्चीच्या अगदी कडेला सरकल्या. पुढचं वाक्य यायची वाट बघत होत्या. संगीत आलं.

बायका डोळे पुसायला लागल्या. दादांनीही रुमाल काढला आणि कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी नावं आली, त्यात दादांनी मुद्दाम घालायला सांगितलेली एक ओळ होती, "शूटिंग : आमची लाडकी बेबी". टाळ्या पडल्या. मी वायरी गुंडाळत बसलो, मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वर माझ्या खोलीत आल्या. कुरकुरणाऱ्या खुर्चीवर बसल्या.

"वेळ कमी पडला असेल ना, भाऊ?" त्या म्हणाल्या. "वीस मिनिटांत सगळं कसं बसणार? तुम्हाला कुठं तरी तोडावंच लागतं."

सबब तयार करूनच आणली होती. मी फक्त मान हलवायची होती. पण मग त्या उठून दादांकडे गेल्या असत्या, राहिलेलं ऐकवायला, आणि तिथं त्यांची काय शोभा झाली असती ते मला दिसत होतं.

"दादांनी पूर्ण ऐकलंय, ताई. इथंच बसून. दोनदा."

"दोनदा?"

"कुठं थांबवायचं तेही त्यांनीच सांगितलं."

खाली कुणीतरी दुकानदाराशी झेरॉक्सवरून हुज्जत घालत होतं. मग त्या म्हणाल्या, "एकदाच ऐकलं असतं, तर नीट ऐकू आलं नसेल म्हणता आलं असतं."

मला माझीच लाज वाटत होती, म्हणून मी उगाच चढ्या आवाजात बोलायला लागलो. डिस्क माझ्याकडं आहे, तुम्ही वकील गाठा, मी साक्ष देतो, एकेकाला बघून घेऊ.

"वकिलाला काय सांगू?" बेबीताई म्हणाल्या. "माझ्या भावाला त्याचं बोलणं पाळायला लावा म्हणून?"

त्या उठल्या, पर्स खांद्याला अडकवली आणि दारात थांबल्या.

"भाऊ, ते शेवटी माझं नाव येतं, ते वगळता येईल?"

"येईल. पण का? सगळं शूटिंग तुमचंच तर आहे."

"माझ्या शूटिंगमध्ये आई पुढंही बोलते. हे माझं नाही."

अर्ध्या मिनिटाचं काम होतं. त्यांच्यासमोरच केलं. दादांना नातेवाइकांत वाटायला चाळीस प्रती हव्या होत्या, त्या सगळ्या तशाच काढल्या आणि पाठवून दिल्या. घर विकलं गेलं. बेबीताई दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका बाईंकडे खोली घेऊन राहतात. दादा फोन करून नावाबद्दल जाब विचारतील, तेव्हा तरी चार शब्द सुनवायचे असं मी ठरवून ठेवलं होतं. सहा महिने झाले, फोन आलेला नाही. नाव गेल्याचं चाळीस घरांत कुणाच्याही लक्षात आलेलं नाही.